एक लिटर दूध, अडीच किलो शेण

आरे दूध वसाहतीत दर सेकंदाला शेणाचे दोन पो पडतात.

हिशेब सोपा आहे. गोरेगाव पूर्वेच्या या वसाहतीचा पसारा ३२ गोठे आणि सुमारे १६,००० जनावरं असा सांगितला जातो, आणि त्यात भरणा म्हशींचा. म्हैस दिवसातून दहा-बारा वेळा शेण टाकते. म्हणजे सगळ्या मिळून पावणेदोन लाख वेळा. दिवसाचे सेकंद ८६,४००. सेकंदाला दोन हा वेग रात्री दोन वाजता तोच, गणेश विसर्जनाला तोच आणि लोकल बंद पडलेल्या दिवशीही तोच.

मोठ्या म्हशीचं ताजं शेण रोज १५ ते २५ किलो भरतं. मधला २० किलोचा आकडा आपण धरून चालू. १६,००० म्हशींचं झालं ३,२०,००० किलो, म्हणजे ३२० टन. वर्षाचे १,१६,८०० टन. शिवाय म्हशीमागे बारा लिटर मूत्र धरलं तर रोज १ लाख ९२ हजार लिटर. जोगेश्वरी, अंधेरी, मालाडच्या गल्ल्यांतून उरलेले खासगी तबेले यात धरलेलेच नाहीत.

सगळ्या मुंबईचा कचरा रोज साधारण साडेसहा हजार टन असतो. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. माणशी कचरा झाला अर्धा किलोच्या आसपास. म्हणजे एक म्हैस चाळीस मुंबईकरांच्या कचऱ्याइतकं शेण टाकते. पण कचऱ्याशी तुलना करणं म्हशीवर अन्याय आहे. विष्ठेची तुलना विष्ठेशीच करू. माणसाची रोजची विष्ठा साधारण दीडशे ग्रॅम. वजनाला वजन लावलं तर एक म्हैस म्हणजे १३३ माणसं, आणि आरेतल्या म्हशी म्हणजे २१ लाखांहून जास्त माणसं. मुंबई उपनगर जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजार. म्हणजे आरेच्या गोठ्यांत जवळजवळ पाव उपनगर उभं आहे. खऱ्या उपनगरासाठी मलनिःसारण वाहिन्या आहेत, पंपिंग स्टेशनं आहेत, खाडीकाठची प्रक्रिया केंद्रं आहेत. या पाव उपनगरासाठी फावडं, खराटा आणि घमेलं आहे.

दोन हात, सातशे किलो

हे घमेलं उचलणारा माणूस बहुतेक वेळा जौनपूर, आझमगड, प्रतापगड अशा पूर्व उत्तर प्रदेशातल्या जिल्ह्यांतून आलेला असतो. तो गोठ्यातच, म्हशींच्या बाजूला किंवा वरच्या माळ्यावर झोपतो. त्याच्या वाट्याला बारा म्हशी आल्या असं धरू. गोठ्यात कुणी शेण काढतं, कुणी धार काढतं, पण माणशी हिशेब बदलत नाही.

बारा म्हशींचं शेण रोज २४० किलो. वीस किलोच्या घमेल्याने बारा खेपा. हिरवा चारा म्हशीमागे २५ किलो धरला तर ३०० किलो वैरण गव्हाणीत टाकायची. चुणी, सरकी, पेंड, भुसा असं खाद्य म्हशीमागे सहा किलो, एकूण ७२ किलो. तेही भिजवून, कालवून. आणि म्हशीमागे आठ लिटर या सरासरीने ९६ लिटर दूध. बेरीज सातशे किलोंच्या वर जाते. रोज. वर्षाला एका माणसाच्या हाताखालून अडीचशे टनांहून जास्त ओझं जातं आणि त्यातलं ८७,६०० किलो नुसतं शेण असतं.

हाताने धार काढताना एका पिळीला साधारण २० मिलिलिटर दूध येतं. ९६ लिटरला ४,८०० पिळ्या. निम्म्या पहाटे, निम्म्या दुपारी. वर्षाला साडेसतरा लाख. अंगठ्याच्या सांध्याचं आणि मनगटाचं दुखणं या धंद्यात वय न पाहता येतं, त्याचं कारण हा आकडा.

या कामाला सुट्टी नाही, आणि त्यामागे मालकाच्या कडकपणाआधी माशीचं गणित आहे. घरमाशीला अंडी घालायला ताजं शेण आवडतं. एका खेपेला ती शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यांतून उडती माशी तयार होते. सगळी जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या, तर एका मादीच्या शंभर माश्या होतात, त्यांच्या पाच हजार, आणि तिसऱ्या पिढीला अडीच लाख. एवढं होतं एका महिन्यात. प्रत्यक्षात बहुतेक अळ्या मरतात, म्हणून मुंबई अजून माणसांच्या ताब्यात आहे. पण शेण आठवड्याच्या आत हललं नाही तर माश्यांची एक पिढी पूर्ण होते. गोठा रोज झाडायचा तो त्यासाठी. पावसाळ्यात ओल्या कोब्यावर म्हशीचे खूर कुजतात, सडाला सूज येते, आणि सूज आली की धार आटते. खराट्याचा एक दिवसाचा खाडा दुधाच्या कॅनमध्ये दिसतो.

झाडून भागत नाही, धुवावंही लागतं. पिणं, अंघोळ आणि गोठ्याची धुलाई मिळून म्हशीमागे रोज शंभर लिटर पाणी धरलं तर सोळा लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या १६० खेपा. आरे वसाहतीला पवई तलावाचं पाणी दिलं जातं. १८९०मध्ये बांधलेल्या या तलावाची क्षमता ५४५ कोटी लिटर असून त्याचं पाणी पिण्यालायक नसल्यामुळे ते पिण्याखेरीजच्या वापरासाठीच जातं. बाष्पीभवन विसरलं तर एकदा भरलेला पवई तलाव या म्हशींना नऊ वर्षं पुरेल. माणसांच्या मुंबईला रोज ४०० कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. तिने हाच तलाव दीड दिवसाच्या आत रिकामा केला असता. म्हशीची पाण्याची गरज शहराच्या मानाने क्षुल्लक आहे. अडचण पाणी आत येण्याची नसून शेण घेऊन बाहेर जाण्याची आहे.

आकडा हलत नाही

आरे वसाहत उभी राहिली ती शेणामुळेच. १९४०च्या दशकात मुंबईच्या म्हशी चाळींच्या आणि घरांच्या मधोमध, अरुंद तबेल्यांत उभ्या होत्या. दूध पातळ, गटारं तुंबलेली, डास-माश्यांचा सुकाळ. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी या म्हशी शहराबाहेर न्यायचं ठरवलं. १९४९मध्ये गोरेगावच्या टेकड्यांवर वसाहतीचं काम सुरू झालं आणि १९५१मध्ये पंडित नेहरूंनी तिथे रोप लावलं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, मोकळे गोठे, झाडी, चाऱ्याची शेतं. पुढे १९६३मध्ये खुरोडींना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी गोरेगाव म्हणजे गावच. तिथून पुढे शहर कुठवर जाईल याची कल्पना कुणाला येणार?

शहर पोचलं. मग पुन्हा तोच विचार सुरू झाला. शहरात गुरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६चा आहे, आणि मुंबईतले तबेले डहाणू तालुक्यातल्या दापचरीला न्यायची योजना कित्येक वर्षं कागदावर आणि कोर्टात फिरत राहिली. दापचरी गोरेगावपासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर आहे. म्हशी तिकडे गेल्या तरी ३२० टन हा आकडा ३२० टनच राहणार.

त्याचं कारण गव्हाणीत आहे. हिरव्या चाऱ्यातला मोठा भाग पाणी, आणि उरलेल्या कोरड्या भागातला बराचसा म्हशीला पचत नाही. तो बाहेर येणारच. म्हशीमागे २५ किलो हिरव्या वैरणीचा वर्षाचा हिशेब १ लाख ४६ हजार टन होतो. पॅरा गवत हेक्टरी शंभर टन निघालं, आणि हे चांगलं पीक झालं, तरी त्यासाठी १,४६० हेक्टर जमीन हवी. अख्खी आरे वसाहत, तिचे रस्ते, आदिवासी पाडे, जंगल आणि बिबट्यांच्या वाटांसकट नांगरून गवताखाली आणली तरी ती अपुरी पडेल. म्हणून पेंढा, कडबा, चुणी, पेंड बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून ट्रकने येते. दुसऱ्याच्या शेतातली माती इथे शेण होऊन उतरते आणि परत जात नाही.

तेच म्हशीचंही. मुंबईच्या तबेल्यात म्हैस पूर्वापार व्यालेलीच आणतात: गुजरातची मेहसाणा, जाफराबादी, हरियाणाची मुऱ्हा. ती साधारण तीनशे दिवस दूध देते आणि मग भाकड होते. प्रत्येक म्हैस दर वेताला बदलायची म्हटली तर १६,००० म्हशींच्या वसाहतीत रोज पन्नासहून जास्त म्हशी आत आणि तितक्याच बाहेर. भाकड म्हैस फुकट खाते, म्हणून ती विकली जाते. ती बहुतेकदा कुठे जाते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. रेडकू तर पान्हा फुटेपर्यंतच मोलाचं. शेणाबद्दल निदान मोकळेपणाने बोलता येतं.

वाळवा, जाळा, कुजवा

मग या ३२० टनांचं काय करायचं? पहिला घरगुती उपाय गोवऱ्या. दीड किलोची एक गोवरी थापली तर रोज २ लाख १३ हजार गोवऱ्या. एकीला दहा सेकंद लागले तर सुमारे ७४ माणसांनी रोज आठ तास न थांबता थापत बसायचं. वाळत घालायला एका दिवसाच्या गोवऱ्यांना सव्वा हेक्टरहून जास्त जागा, आणि वाळायला आठवडा लागतो असं धरलं तर नऊ हेक्टरांवर, म्हणजे तेवीस एकर मोकळं ऊन हवं. गोरेगावात तेवीस एकर उन्हाचा भाव ज्याला कळतो तो त्यावर गोवऱ्या थापत नाही. ताज्या शेणात ऐंशी टक्के पाणी असतं. रोज अडीच लाख लिटर पाणी उन्हाने उडवायचं म्हणजे हा उद्योग फक्त आठ महिन्यांचा.

उरलेल्या चार महिन्यांत ढीग लागतो. एक गुंठा जागेवर एक मीटर उंच ढीग म्हणजे साधारण शंभर टन. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांचं शेण ३९,००० टनांवर. ते मीटरभर उंचीने पसरलं तर साडेनऊ एकरांहून जास्त जागा खाईल. त्यावर पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या एका दिवसात उघड्या उकिरड्याच्या प्रत्येक गुंठ्यावर ९५ हजार लिटर पाणी कोसळलं. नेहमीच्या पावसाळ्यातही गुंठ्यामागे दोन लाख लिटरहून जास्त पडतं. हे पाणी थांबत नाही. ओशिवरा नदी आरेच्याच टेकड्यांतून निघते आणि मालाडच्या खाडीला मिळते. विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून सुरू होणारी मिठी मरोळ, साकीनाका करत पावणेअठरा किलोमीटर वाहते आणि माहीमला पोचते. या नद्या काळ्या कशा झाल्या त्याची उत्तरं अनेक आहेत, कारखाने आणि झोपडपट्ट्यांचं सांडपाणी त्यात मोठं. पण तबेल्यांतून धुऊन निघालेलं शेणही त्यात आहे.

दुसरा उपाय गॅस. या विद्येत मुंबई जुनी जाणकार आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यातून निघणारा वायू पकडून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद १८९७ची आहे. पुढे जशभाई पटेलांनी तरंगत्या लोखंडी टोपाचं संयंत्र बनवलं, आणि विलेपार्ल्याच्या इर्ला रोडवर ज्याचं मुख्यालय आहे त्या खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते गावोगावी नेलं. बोरिवलीचं कोरा केंद्र गोबरगॅसच्या संशोधनाचं ठिकाण होतं. म्हणजे खेड्यातल्या लाखो चुली ज्या यंत्राने पेटल्या त्याचं बरंचसं डोकं पार्ले-बोरिवलीत होतं.

आता आकडे लावू. किलोभर ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. ३२० टनांतून १२,८०० घनमीटर. एक घनमीटर गोबरगॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचं काम करतो. म्हणजे रोज १४.२ किलोचे चारशेहून जास्त सिलिंडर. घरामागे वर्षाला आठ सिलिंडर धरले तर साडेअठरा हजार घरांचा स्वयंपाक. दहिसरपासून अंधेरीपर्यंत कुठल्याही मोठ्या वसाहतीला हा आकडा ऐकवा, टाळ्या पडतील.

टाळ्या थांबल्या की पुढची ओळ वाचावी. संयंत्रात शेणाइतकंच पाणी मिसळावं लागतं. म्हणजे रोज ३२० टन शेण आणि ३२० टन पाणी, ६४० टन राबडी आत जाते. १२,८०० घनमीटर गॅसचं स्वतःचं वजन साधारण १५ टन. उरलेले ६२५ टन रोज दुसऱ्या टोकाने बाहेर यायला तयार. ऊर्जा मिळाली, वास कमी झाला, माश्या कमी झाल्या, मिथेन हवेत न जाता चुलीत गेला. हे सगळं खरं. पण ओझ्यापैकी गॅस दोन-अडीच टक्केच घेऊन गेला, आणि उचलायचं वजन जवळपास दुप्पट झालं.

उरलं खत. शेण कुजून निम्म्या वजनाचं शेणखत झालं असं धरलं तर वर्षाला ५८,००० टन. हेक्टरी दहा टनांच्या मात्रेने ते ५,८०० हेक्टरांना पुरेल. पालघरच्या वाड्या, नाशिकचे भाजीचे मळे, डहाणूचे चिकू, यांना ते हवंच आहे. शेतकऱ्याच्या दारात शेण ही पुंजी असते; गावात मुलगी देताना उकिरड्याचा आकार बघायचे ते उगाच नाही. पुंजी आणि शेत यांच्यामध्ये पश्चिम द्रुतगती महामार्ग आहे, एवढंच.

पिशवीतलं शेण

इथे पिशवीचं दूध घेणाऱ्याला वाटेल, हा तबेल्यांचा प्रश्न, आपला नाही. त्याचाही हिशेब करू. उपनगरातल्या माणसाने चहा, दही, मिठाई सगळं मिळून रोज पाव लिटर दूध घेतलं तर ९३ लाख ५७ हजार लोकांना २३ लाख लिटरहून जास्त दूध लागतं. म्हशीच्या एका लिटरमागे अडीच किलो शेण पडतं. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंमुळे प्रमाण कमी होतं, म्हणून लिटरमागे दोनच किलो धरू. तरी रोज ४,६०० टनांच्या वर. सगळ्या मुंबईचा कचरा साडेसहा हजार टन, आणि एकट्या उपनगराच्या दुधामागचं शेण त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त. ते कोल्हापूर, सांगली, नगर, पुणे आणि गुजरातच्या गोठ्यांत पडतं आणि तिथल्या बायका पहाटे उठून पाटीने उचलतात. देशात २०१९च्या पशुगणनेनुसार गाई १९ कोटींवर आणि म्हशी जवळपास ११ कोटी; त्यांचं शेण रोज ३० लाख टनांच्या घरात जातं. त्यातलं बहुतेक अजूनही माणसाच्या, आणि त्यातही बाईच्या, हातानेच हलतं.

म्हणजे खुरोडींनी म्हशी गोरेगावला नेल्या, सरकारने दापचरीकडे बोट दाखवलं, आणि पिशवीच्या दुधाने गोठाच नजरेआड केला. तिन्ही वेळा अंतर वाढलं, लिटरमागचं शेण तेवढंच राहिलं. दुधाला फॅटनुसार भाव आहे, वाहतुकीचा दर आहे, शीतकरणाचा खर्च आहे. शेणाच्या नावाने एक ओळ नाही, म्हणून ते नदीला, पावसाला आणि घमेल्यावाल्याच्या पाठीला जातं.

ती ओळ किती मोठी असेल? आरेचं रोजचं ३२० टन शेण दहा टनी ट्रकने न्यायला ३२ ट्रक लागतील. भरणं, उतरवणं आणि शंभर किलोमीटरची खेप मिळून ट्रकमागे आठ हजार रुपये धरले तर दिवसाला २ लाख ५६ हजार रुपये. त्याच म्हशींचं दूध, आठ लिटरच्या सरासरीने, १ लाख २८ हजार लिटर. भागाकार केला की उत्तर येतं लिटरला दोन रुपये. मुंबईत सुट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक भाव १ मार्च २०२३ पासून ८० रुपयांवरून ८५ झाला; कारण सांगितलं गेलं चारा आणि खाद्य महागल्याचं. म्हशीच्या तोंडात जाणाऱ्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक पाच रुपये देऊ शकतं, तर मागून येणाऱ्या गोष्टीसाठी दोन रुपये मागायला लाजू नये. फक्त ते बिलावर वेगळ्या ओळीत लिहावेत, आणि त्यातला काही हिस्सा बारा खेपा करणाऱ्याच्या पगारात पडावा.